देवघरातले सदतीस दिवस

आमच्या घरात एक देवघर सोडलं तर सगळीकडे रस्त्यावरचं बोलणं ऐकू यायचं. ओसरीवर यायचं, माजघरात यायचं, माडीवर तर जास्तच. देवघराला एकच झरोका होता, तोही परसाकडे, आणि दाराला आतून कडी. म्हणून आमचे हे तिथे जाऊन बसले. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. यांना भोरला वकिली करून सोळा वर्षं झाली होती. मुलगा शिकायला पुण्याला मावशीकडे होता, घरात आम्ही दोघंच. अशिलं बहुतेक खोऱ्यातली, वेल्ह्याकडची, गुंजवण्याची, किकवीची. ती उजाडायच्या आत येऊन ओसरीवर बसायची. मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, वाचता लिहिता येतं, पण परक्या माणसानं काही विचारलं की माझी जीभ कोरडी पडते. लहानपणापासून तसंच आहे. लग्नानंतर सुधारेल असं घरचे म्हणाले होते, ते काही झालं नाही.

माजघरात काम करताना ओसरीवरचं सगळं ऐकू यायचं. अशील बोलायला लागलं, की चुलत्यापासून, म्हशीपासून, कुठल्यातरी लग्नापासून सुरू करायचं. हे दोन वाक्यं ऐकायचे आणि म्हणायचे, "मुद्द्याचं बोला." मग ते माणूस गडबडायचं आणि गप्प व्हायचं. पुढचं कारकून विचारून घ्यायचा आणि कोर्टाच्या भाषेत लिहायचा. पहिल्या वर्षांत हे असं म्हणत नव्हते. तेव्हा ते जेवताना मला कज्जे सांगायचे, कोण कसा खोटं बोलला, न्यायाधीशांनी भुवई कशी वर केली. पुढे कज्जे वाढले आणि सांगणं बंद झालं. ताटाशेजारी कागद असायचा. भात निवून जायचा.

त्या सोळाव्या वर्षी कोर्टात जायच्या आधी त्यांना रोज उलटी व्हायची. तुळशीमागे जाऊन ओकायचे, चूळ भरायचे, काळा कोट घालायचे आणि निघायचे. मी पित्त समजून आमसुलाचं पाणी करून द्यायची. ते निमूट प्यायचे. आम्ही दोघांनीही दुसरं काही विचारलं नाही.

मार्गशीर्षात एक दिवस ते दुपार व्हायच्या आधीच परत आले. मी ताक घुसळत होते. त्यांनी कोट खुंटीला लावला, पगडी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "मला बोलवत नाही."

"घसा बसला का?"

"घसा नाही," ते म्हणाले. देवघरात गेले आणि कडी लावली.

दुपारी कारकून दप्तर घेऊन आला. हा कारकून यांच्यापेक्षा वयानं मोठा, तोंडात कायम तंबाखू, बोलायला हुशार. मला वहिनी म्हणायचा. तो ओसरीवर उभा, मी दाराआड.

"वहिनी, समोरच्या वकिलाचं बोलून झालं. साहेब उठले. कागद हातात. आणि गप्प. न्यायाधीशसाहेब म्हणाले, 'चालवा.' तरी गप्पच. मला वाटलं पान चुकलं, म्हणून मी पान काढून दिलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, 'हे काय आहे?' स्वतः लिहिलेलं पान, वहिनी. त्यांच्याच हातचं."

तो दप्तर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्ह्याकडचे चौघे आले. कारकून अजून यायचा होता.

"वकीलसाहेब हायती का?"

"आहेत. देवघरात बसलेत," मी दाराआडून म्हटलं. हे खरंच होतं.

"मंग बसतो आमी."

ते बसले. ऊन पायरीवरून वर आलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. चौघांत कुजबुज झाली. मग त्यातल्या वयस्कर माणसानं आवाज खाली आणून विचारलं, "अनुष्टान धरलंय व्हय साहेबांनी?"

मी "हो" म्हटलं.

'नाही' म्हटलं असतं तर मग काय झालंय, असा पुढचा प्रश्न आला असता. 'हो' म्हटलं की दार लावता येत होतं. मी दार लावलं. फटीतून पाहिलं तर चौघेही उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत होते.

आठवड्याच्या बाजारापर्यंत ते सगळ्या खोऱ्यात झालं. कारकुनाला ते बाजारातच कळलं.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत? किती दिवसांचं सांगितलंत?"

"दिवस नाही सांगितले."

"मग मी चाळीस सांगतो." त्यानं तंबाखू चोळली. मला वाटलं होतं तो रागावेल, पण तो खूश दिसत होता. "आजारी म्हटलं तर अशिलं दुसरीकडे जातील. डोकं फिरलंय म्हटलं तर सनदच जाईल. अनुष्ठानाला कुणी बोट लावत नाही."

वकिलीची सनद गेली म्हणजे वकिलीच गेली, एवढं मला ठाऊक होतं. मी पुन्हा हो म्हटलं. कारकुनानं कोर्टात तसं कळवलं आणि बऱ्याच कज्ज्यांना पुढच्या तारखा मिळवल्या.

त्या दिवसापासून आम्ही दोघंही अडकलो. आजारी माणूस नदीवर चार पावलं फिरून येतो, ओट्यावर उन्हात बसतो. अनुष्ठानातला माणूस कसा फिरेल? न्हाव्याला बोलावता येईना. दाढी वाढली. मी पाणी तापवून देवघराच्या दाराशी ठेवायची, ताट ठेवायची. आतून कडी निघायची, ताट आत जायचं, कडी लागायची. वैद्याला मागच्या दारानं एकदा आणलं. त्यानं नाडी पाहिली, ब्राह्मीचं तेल दिलं, आणि म्हणाला, "यांना विश्रांती द्या." मी मनात म्हटलं, घर म्हणजे आता विश्रांतीची कोठडीच झाली आहे, आणखी किती देऊ.

शेजारच्या काकू रोज यायच्या. त्यांना धार्मिक गोष्टीतलं सगळं कळायचं.

"जप किती होतो गं रोज?"

"मोजत नाहीत ते."

"मोजत नाहीत? मग अनुष्ठान कसलं ते?"

मी घाबरले. समोर कापसाची टोपली होती. "वाती करतात," मी म्हटलं.

"लाख वाती का?"

"हो."

"तरीच. पुरुषमाणूस वाती वळतो म्हणजे नवस मोठाच असणार," काकू म्हणाल्या आणि संध्याकाळी आणखी कापूस घेऊन आल्या.

आता कापूस आत नेऊन ठेवणं भाग होतं. त्यांनी टोपलीकडे पाहिलं.

"हे काय?"

"तुम्ही लाख वाती करताय."

"मी?"

"काकूंना तसं सांगितलंय."

दोन दिवस कापूस तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी ताटाबरोबर अकरा वाती बाहेर आल्या, वेड्यावाकड्या, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला दोरा झालेल्या. पण दुसऱ्या दिवशी तीस आल्या. पुढे मी वातींवरूनच त्यांचा दिवस ओळखायला लागले. नीट वळलेल्या असल्या की रात्री झोप लागलेली असायची.

आणि नारळ. प्रत्येक जण नारळ घेऊन यायचा, उंबऱ्यावर ठेवायचा, बाहेरूनच नमस्कार करायचा. कोपऱ्यात रास झाली. प्रसादाचे म्हणून वाटावेत तर बोभाटा आणखी वाढला असता, म्हणून आम्ही दोघंच खात होतो. नारळाची वडी, नारळाचा भात, नारळाची चटणी. मला अजून ओल्या खोबऱ्याचा वास सोसत नाही. एक जण आला, त्याची म्हैस दूध देत नव्हती. त्याला अंगारा हवा होता. "वाईच चिमूटभर द्या बाईसाब," म्हणून तो हटेचना. मी चुलीतली राख कागदात बांधून दिली. देव मला क्षमा करो. पुढच्या बाजाराला म्हशीनं दूध दिल्याचं कळलं आणि पाठोपाठ पाच जण अंगाऱ्याला आले.

दार वाजलं की मीच उठायची. सोळा वर्षं मी ज्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता, तिच्या तोंडाशी मला दिवसातून वीस वेळा उभं राहावं लागत होतं. खोटं एका अक्षराचं होतं, पण ते रोज नव्यानं बोलावं लागायचं. एकदा ताट ठेवताना मला त्यांचा फार राग आला. यांना बोलवत नाही म्हणून हे आत, आणि मला कधीच बोलवत नव्हतं तर मी दारात. ताट जरा आपटलंच माझ्याकडून.

विसाव्या दिवसाच्या सुमाराला ताटाबरोबर एक घडी केलेला कागद बाहेर आला. दाराच्या फटीतून ते म्हणाले, "हा कारकुनाला दे. कोर्टात द्यायला सांग."

"काय आहे?"

"सनद परत करतोय. कुठेतरी शाळेत मास्तर होईन. मुलं तरी खोटी साक्ष देत नाहीत."

मी कागद उघडला. पाच ओळी होत्या, सही होती. सोळा वर्षांच्या पाच ओळी. मी कारकुनाला दिला नाही. त्यांना तसं सांगितलंही नाही. तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला. रोज भाताला तांदूळ काढताना बोटांना लागायचा. उद्या देईन, म्हणायची. दिला तर वकिली संपली, आणि ठेवून घेतला तर मी त्यांना त्यांच्या मनाविरुद्ध कोंडून ठेवल्यासारखं होतं. त्यांच्या दाराला निदान आतून कडी होती.

छत्तिसाव्या दिवशी दुपारी मी मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसले होते. देवघराचं दार माझ्या पाठीशी. परसातून एक म्हातारी आली. ठेंगणी, काळीसावळी, लुगडं वर खोचलेलं, हातात काठी.

"तुमीच का वकीलीनबाई?"

"हो."

"पानी द्या वाईच."

मी वरून पाणी घातलं, ती ओंजळीनं प्याली. मग पायरीवर टेकली, सूप आपल्याकडे ओढलं आणि खडे काढायला लागली, जशी काही रोजच येत होती.

"ह्यो तांदूळ आमच्याकडचा न्हाई. खडंच लई. कुणी दिला तुमास्नी?"

"बाजारातला आहे."

"तरीच." तिनं शेजारच्या डब्यात हात घालून आणखी तांदूळ काढला आणि त्याबरोबर तो कागदही. "ह्ये काय तांदळात?"

"देवाचं आहे," मी म्हटलं आणि कागद गुडघ्याखाली घातला.

"समदंच देवाचं झालंय तुमच्या घरात," ती म्हणाली. "म्या नारळ आनला न्हाई बरं का. फुडल्या दारी तुमचा कारकून म्हनला, भाएरनंच पाया पड आन् जा. देवाला गाऱ्हानं घालायचं तर आमच्या गुंजवन्यात देव न्हाई व्हय? त्याच्यापायी म्या दोन दिस चालत कशाला यीन? परवा माझी तारीक हाय. मला वकील पायजे."

मी खाली मान घालून खडे शोधत राहिले. कारकुनानं मला सांगितलं होतं, एका कज्ज्याला कोर्ट आणखी तारीख द्यायला तयार नाही म्हणून. तो हिचाच होता.

तिला माझ्याकडून उत्तर नकोच होतं. ती आपलं सांगत राहिली. गडाच्या पायथ्याला तिची भाताची चार खाचरं. नवरा गेल्यापासून तीच करत होती. आता पुतण्यानं फिर्याद केली होती, की बारा वर्षं मीच कसतो आहे, वहिवाट माझी, म्हातारी नुसती बांधावर बसते. तिच्या बाजूला कागद काहीच नव्हता. पुतण्यानं चार साक्षीदार उभे केले होते, चारही त्याचे सोयरे. मग तिनं पुतण्याचं लहानपण सांगितलं, त्याला गोवर आला तेव्हा तिनं कसा मांडीवर घेतला ते सांगितलं, त्याच्या लग्नात कोण रुसलं ते सांगितलं. मधे कुणीच तिला अडवलं नाही. मला अडवता येत नाही म्हणून.

ती थांबली तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "मग आता तो तुमच्याशी बोलतच नाही का?"

"आता कुठला. पर आदी यायचा की. दर सालाला यायचा. त्याची खाचरं माझ्या खालच्या अंगाला. वरनं म्या पानी सोडल्याबिगर त्याची लावनी हुतीय व्हय? दारात यून हुबा ऱ्हायचा. 'चुलते, बांधाला तोंड पाड, माझी रोपं वाळाया लागली.' म्या कंदी न्हाई म्हनलं न्हाई. मानसाची जात..."

माझ्या पाठीमागे वातींचं तबक खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मागच्या साली आला होता का?"

मी दचकले. आवाज बसका होता, पण त्यांचाच. कापसाची टोपली सोडली तर छत्तीस दिवसांत त्यांनी कुणालाही काही विचारलं नव्हतं, जेवणात मीठ आहे का एवढंही नाही.

म्हातारीनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्यो देव बोलला म्हनायचा का वकील?"

आतून पुन्हा आवाज आला. "मागच्या लावणीला पाणी मागायला आला होता का?"

"आला व्हता की."

"कुठे? घरी की शेतावर?"

"शेतावर. माझीच लावनी चालली व्हती. आठ बाया वाकल्याल्या व्हत्या खाचरात."

"आठही जणींनी ऐकलं?"

"ऐकलं म्हंजी? त्यातली एक त्याला म्हनली बी, 'म्हातारीचं पाय धर, मंग पानी यील.'"

"मग?"

"धरलं की त्यानं. चिखलातच. समद्या हसल्या."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"ज्याची वहिवाट त्याच्याकडेच पाणी मागतात," ते म्हणाले, आम्हाला नाही, स्वतःशीच. मग मोठ्यानं, "हे तुम्ही पावसाळ्यात आलात तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगाया लागले व्हते," म्हातारी म्हणाली. "तुमी म्हनला, 'मुद्द्याचं बोला.'"

तिनं ते चिडून म्हटलं नाही. खडा काढून टाकावा तसं म्हटलं. पण माझे हात सुपातच थांबले. आता ते पुन्हा गप्प होतात की काय, आणि या वेळी कायमचे, असं मला वाटलं.

कडी निघाली. दार उघडून ते उंबऱ्याशी आले. दाढी छातीशी टेकलेली, अंगावर पंचा, केसांत कापसाचे धागे. उजेडानं डोळे मिचकावत होते.

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "व्हय, दाढी तर बुवाचीच हाय."

ते तिथेच खाली बसले. "अगं, कागद दे."

ओसरीवर दप्तरात खंडीभर कागद होते, पण मला उठायचंच सुचलं नाही. गुडघ्याखालचा कागद मी पुढे केला. दौत मात्र कोनाड्यात होती, ती दिली. त्यांनी घडी उघडली, आणि त्यांना आपलंच अक्षर दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोळा दिवस मी त्यांना फसवलं होतं. मी मान खाली घातली.

त्यांनी कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर चार चौकोन एकाखाली एक काढले, खाली आणखी तीन, आणि म्हातारीला विचारलं, "तोंड पाडता ते इकडून की तिकडून?"

पुढे ऊन उतरेपर्यंत ते विचारत होते आणि ती सांगत होती. मधेच म्हशीवर गेली, मधेच जावेवर. त्यांनी जाऊ दिलं. आठही बायकांची नावं लिहून घेतली. मी तिसऱ्यांदा तोच तांदूळ निवडला.

संध्याकाळी कारकून आला तो त्यांना पाहून ओसरीवरच थबकला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "साहेब, चाळीसला फक्त चार दिवस राहिलेत. आता उठलात तर लोक म्हणतील अनुष्ठान मोडलं. अपशकुन म्हणतील."

"परवा तारीख आहे."

"काहीतरी सांगता येईल, देवाचा कौल झाला वगैरे..."

"नको. खरं सांगू."

खोटं माझं होतं.

सदतिसाव्या दिवशी सकाळी न्हावी आला. दाढी उतरली, चेहरा लहान आणि पांढरा दिसायला लागला. ओसरीवर सात-आठ माणसं जमली होती. मी दाराआड. ते त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मी अनुष्ठानाला बसलो नव्हतो. मी एक जपही केला नाही. माझं डोकं चालत नव्हतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता, म्हणून आत बसून होतो. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते माझ्यापायी सांगितलं गेलं. कुणी नारळ आणला असेल त्यानं परत न्यावा."

मग एकानं हात जोडले. "व्हय साहेब."

"तुम्हाला कळलं का मी काय म्हणालो?"

"कळलं की साहेब. मौन व्हतं तुमचं." शेजारच्याला तो हळूच म्हणाला, "मोठी मानसं कबूल करत न्हाईती."

एकही नारळ परत गेला नाही. त्या दिवशी आणखी दोन आले.

तारखेच्या सकाळी मी तुळशीमागून उलटीचा आवाज ऐकला. मला वाटलं होतं ते संपलं. ते आत आले, आमसुलाचं पाणी मागितलं, प्याले, आणि कोट मागितला. कोट महिनाभर खुंटीवरच होता. त्यांनी हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बाहीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, सुपारीएवढं. मी म्हटलं, आणा, झटकते. त्यांनी दिला नाही. खाली बसून नखानं ते घर हळूहळू सोडवलं, अख्खं काढून कोनाड्यात ठेवलं. कारकून बाहेर घाई करत होता. मग ते कोट घालून पायऱ्या उतरले. मी दाराच्या फटीतून पाहत होते. वळणावर थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत.

तो दिवस मला फार मोठा गेला. काकू आल्या, "वाती पुऱ्या झाल्या का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही." इतक्या दिवसांत काकूंना मी म्हटलेलं पहिलं 'नाही' ते असावं. काकू थोड्या बसल्या आणि गेल्या.

दिवस कलल्यावर ते आले. ते पाय धुताना मी त्यांच्याकडे पाहत होते. पूर्वी दोन तांबे पाणी ओतून ते आत यायचे, आज घोटे चोळून चोळून धूत होते आणि बोलत होते. "तारीख पडली."

तारीख पडली म्हणजे गेलं वर्षभर त्यांच्या कपाळावर आठी असायची. मी वाट पाहिली.

"आठही बायकांची साक्ष घ्यायची म्हटलं. समोरचा वकील म्हणतो, शेतमजूर बायकांचं काय ऐकायचं? मी म्हटलं, पाय कुणी धरले ते चिखलात वाकलेल्या माणसाला जास्त दिसतं. न्यायाधीशांनी भुवई वर केली आणि साक्षींना तारीख दिली." ते हसले. "पुतण्याचा चेहरा पाहायला हवा होतास. आता मला तो बांध पाहायचाय. उद्या गुंजवण्याला जातो."

म्हातारी मागच्या दाराशी आली होती. "तारीक म्हंजी परत दोन दिस चाल," ती कुरकुरली. मग मला म्हणाली, "पर साहेब बोलत व्हतं आज. त्यो दुसरा वकील नुसता कोट वडत व्हता."

पुढच्या भातलावणीच्या आधी निकाल तिच्या बाजूनं लागला. सुगीत तिनं गठुडंभर तांदूळ पाठवला. त्यात एक खडा नव्हता.

पण त्या संध्याकाळचं सांगते. जेवताना ताटाशेजारी कागद नव्हता. ते म्हणाले, "यापुढे बायका आल्या की मागच्या दारानं तुझ्याकडे येऊ देत. आधी तू ऐकायचंस. मी आत बसून ऐकेन."

मला ते नको होतं. त्यांची सुटका झाली आणि मला दारातच ठेवलं, असं वाटलं. "मला विचारता येत नाही काही," मी म्हटलं.

"तू विचारत नाहीस म्हणून तर ती बोलली."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भात वाढला. रोजच्या सवयीनं त्यांनी एक वळलेली वात माझ्या पुढ्यात ठेवली. कोर्टात खिशात वळत बसले होते म्हणे, हात गप्प राहीना म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडायला ते कारकुनाला घेऊन गाडीनं गुंजवण्याकडे गेले. मी चूल पेटवते न पेटवते तोच ओसरीवर पावलं वाजली. दोघे होते.

"साहेब हायती का?"

"नाहीत. गुंजवण्याला गेलेत. उद्या येतील."

एवढं बोलून मला दार लावता आलं असतं. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. जीभ नेहमीसारखीच कोरडी पडली होती.

"काय काम होतं?" मी दाराआडूनच विचारलं.

एकाच्या हातात कोर्टाचा कागद होता, दुसऱ्याच्या हातात नारळ. नारळवाल्यानं आधी तोंड उघडलं.